उपसंचालकांची रिकामी सीट

आवारातली माणसं त्याला तोंडावर काका म्हणत आणि तो वळला की भोंगा. त्याला हळू बोलता येतच नसे. पाणी मागितलं तरी ऐकणाऱ्याला वाटे हा भांडतोय, आणि तो खरोखर भांडतच असे. "ग्लास धुतलायस का रे, की नुसता नळाला दाखवून आणलायस?"

सरकारी वाहनविभागात तो चालक होता. उपसंचालकांची पांढरी गाडी त्याच्याकडे होती. गाडी होती, चालक होता, फक्त उपसंचालक नव्हते. जुने निवृत्त झाले, नवे आलेच नाहीत, आणि पद भरायची फाइल कुठल्याशा टेबलावर आडवी होऊन घोरत पडली. पण भोंग्याने त्या रिकाम्या पदाची चाकरी काही सोडली नाही. रोज सकाळी गाडी पुसायची, मागच्या सीटवर इस्त्री केलेली पांढरी खोळ चढवायची, मग फाटकातून बाहेर पडून चौकाला वळसा घालायचा आणि परत येऊन सावलीत गाडी लावायची. जाताना आणि येताना फाटकावरचा पहारेकरी खाडकन सलाम ठोकायचा. मागच्या रिकाम्या सीटला. भोंगा आरशातून तो सलाम बघायचा आणि साहेबांच्या वतीने मान हलवायचा.

अधूनमधून गाडी भाजी आणायला जाई, बायकोला दवाखान्यात सोडून येई. कुणी डोळे वटारले की उत्तर तयार असे. "गाडी हलती ठेवावी लागते. बसून राहिली की कामातून जाते. काही माणसांसारखी."

हे तो डाकवाल्याकडे बघून म्हणे, हा तर कहरच होता. कारण अख्ख्या आवारात दिवसभर राबणारी गाडी एकच, डाकवाल्याची जुनाट व्हॅन. सगळ्या कार्यालयांची टपालं आणि खोकी तीच पोचवायची. चढावर धापा टाकायची, उतारावर बंद पडायची. डाकवाला नाकातून बोलायचा आणि प्रत्येक वाक्याला आधीच माघार घ्यायचा. "तसं काही नाही हो काका, पण जरा धक्का मारता का?"

"मार की तूच! तुझा डबा, तुझा धक्का!"

तर असं सगळं सुखाने चाललं होतं. तेवढ्यात काचेच्या खिडकीमागे नवी वाहननियंत्रक येऊन बसली, आणि ती निघाली भोंग्याची सख्खी मेहुणी. बायकोची धाकटी बहीण. तिच्या लग्नात भोंग्याने तिच्या सासऱ्याला चारचौघांत 'गाडी लावायची अक्कल नाही' असं सुनावलं होतं. ती काही बोलली नव्हती तेव्हा. ती नंतरही काही बोलली नव्हती, आणि भोंग्याला खरी भीती त्याचीच वाटायची.

आल्या आल्या तिने खिडकीवर सूचना चिकटवली. प्रत्येक गाडीत एक डबी बसणार. गाडी कुठे गेली, कुठे थांबली, सगळं ती डबी सांगणार. महिनाभर बघायचं. जी गाडी उभीच राहील ती लिलावात, आणि तिचा चालक पाळीवर. म्हणजे रोज जी गाडी मोकळी असेल ती चालवायची, आणि जो कुणी बसेल त्याला न्यायचं.

भोंगा खिडकीवर धडकला. "हे काय आरंभलंयस?"

"खिडकीत 'अहो-जाहो' करायचं, भावजी."

"तू भावजी म्हणणार आणि मी अहो म्हणू?"

"बरं. चालक, बोला."

"माझी गाडी उपसंचालकांची आहे!"

"कुठे आहेत ते?"

"येतील!"

"आले की त्यांनाही पाळीतली मिळेल."

"उपसंचालक पाळीत? उद्या संचालकांना डाकवाल्याच्या डब्यात कोंबशील!"

"नोंद घेतली," ती म्हणाली. हे दोन शब्द ती असे काही म्हणायची, की वाटावं फ्रीजचं दार लागलं.

घरी जेवताना भोंग्याने ताटावरच आघाडी उघडली. "तुझ्या बहिणीला सांगून ठेव!"

"अहो, लहान आहे ती."

"लहान? जीभ बघ तिची! तू कुणाच्या बाजूची आहेस ते सांग आधी."

"मी भाताच्या बाजूची. गार होतोय."

त्याने भात कालवायला घेतला. मग म्हणाला, आणि इतक्या खालच्या आवाजात की बायको दचकलीच, "पाळीत गेलो की पहारेकरी सलाम करायचा नाही मला."

"तुम्हाला आत्ता तरी कुठे करतोय? सीटला करतोय."

त्यावर भोंगा जो उखडला, तो हात धुऊन थेट गॅलरीत गेला आणि खाली कुणीतरी वेडीवाकडी लावलेली स्कूटर दिसली म्हणून तिच्या मालकावर ओरडून आला.

आवारातले बाकीचे चालकही घाबरले होते. त्यांच्याही गाड्या उभ्याच असत. हे लोक एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत. याने त्याचा जॅक ढापलेला, त्याने याची बॅटरी बदललेली. पण लिलावाच्या धास्तीने सगळे पाण्याच्या टाकीमागे गोळा झाले, आणि तिथे भोंग्याने आपली अक्कल पाजळली.

"ती डबी नुसती चिकटपट्टीवर आहे. चालते स्वतःच्या बॅटरीवर. काढा सगळ्यांनी. पिशवीत भरा. पिशवी द्या डाकगाडीत टाकून. डाकगाडी दिवसभर हिंडते, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या गाड्या दिवसभर हिंडल्या! काय?"

सगळे थक्क झाले. ज्याचा जॅक गेला होता तोसुद्धा म्हणाला, "डोकं आहे बुवा."

"तसं काही नाही," डाकवाला चाचरत म्हणाला, "पण मला कशाला यात..."

"तुला काही करायचं नाहीये. तू फक्त हिंड! नाहीतर बंद पडलास की ढकल स्वतःच."

डाकवाल्याने पिशवी सीटखाली सरकवली. मेहुणी डब्यांकडे फिरकलीसुद्धा नाही. खिडकीवरून जाताना भोंगा मुद्दाम विचारायचा, "काय बाईसाहेब, पळतेय ना आमची गाडी?"

"पळतेय, भावजी. खूप पळतेय."

महिना संपला आणि सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावणं आलं. संचालकसाहेब पुढे बसले होते. त्यांचं कुठलंही वाक्य 'बेसिकली' म्हटल्याशिवाय सुरूच होत नसे. मेहुणीने भिंतीवरच्या पडद्यावर शहराचा नकाशा लावला. नकाशावर ठिपके होते, एकेक ठिपका म्हणजे एकेक गाडी. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे सगळे ठिपके एका जागी चिकटून बसले होते.

"सकाळी सगळ्या गाड्या एकदम निघाल्या," ती बातम्या वाचल्यासारखी म्हणाली. "पाणीपुरवठा कार्यालयात गेल्या. तिथून औषधांच्या गोदामात. गोदामाच्या उतारावर सगळ्या एकदमच बंद पडल्या. दुपारी सगळ्या या गल्लीत उभ्या होत्या, एक झोप होईल इतका वेळ. रोज."

"सासुरवाडी आहे ती," डाकवाला पुटपुटला. "म्हणजे, तसं काही नाही."

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "बेसिकली, एवढ्या गाड्या आपण एकाच ठिकाणी पाठवतोय? का पण? अरे, बेसिकली एकच पुरेल ना!"

"एकच पुरेल, साहेब," मेहुणी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने भोंग्याकडे सरळ पाहिलं. "पडद्यावर दिसतंय तसं घडलं नाही, असं चालकांपैकी कुणाचं म्हणणं आहे का?"

भोंग्याने मनातल्या मनात हिशेब मांडला. गाड्या इथेच उभ्या होत्या म्हणावं, तर आपल्याच तोंडाने त्या लिलावात ढकलायच्या, वर डब्या काढल्या म्हणून घरी बसायचं. गप्प बसावं, तरी गाडी गेलीच. बाजूचे सगळे त्याच्याकडे असे बघत होते, की याला पडद्याच्याच दोरीने लटकवावं.

"झालं," तो म्हणाला. "तसंच झालं."

"काय म्हणालात?" मेहुणी म्हणाली. "ऐकू नाही आलं."

त्या दिवसापासून आवारात त्याला कुणी काका म्हणेना. तोंडावरही भोंगाच. ज्याचा जॅक गेला होता तो तर येता-जाता विचारायचा, "काय भोंग्या, आज अजून काही सुचलंय का?"

गाड्या लिलावात गेल्या. उरली एक नवी मोठी व्हॅन आणि चालकांची पाळी. डाकवाल्याचा जुनाट डबाही गेला, पण तो मात्र खुशीत होता. नव्या व्हॅनला धक्का लागत नव्हता.

भोंग्याची पाळी आली त्या सकाळी त्याने पांढऱ्या गाडीची चावी खिडकीत अशी आपटली, की काच थरथरली. मेहुणीने ती उचलली आणि व्हॅनची चावी पुढे सरकवली.

"खोळ माझी आहे," तो गुरगुरला. "मी धुतलीय. मी इस्त्री केलीय."

"घेऊन जा."

तो व्हॅनमध्ये शिरला आणि हट्टाने मागच्या लांबलचक सीटवर ती खोळ घालायला लागला. ओढली, ताणली, शिव्या घातल्या. ती एका कोपऱ्यापुरतीच झाली. मागून फायली छातीशी धरलेले कारकून चढले, एक गळकी बादली घेऊन नळदुरुस्तीवाला चढला. शेवटी वाहननियंत्रक स्वतः चढली, पाहणीला जायचं म्हणून. सगळी सीट भरली होती. मोकळा होता तो कोपरा. ती खोळीवर बसली.

भोंग्याने इंजीन सुरू केलं आणि सवयीने हॉर्नवर पंजा मारला. काहीच वाजलं नाही. पुन्हा मारला.

"नवीकोरी गाडी आणि हॉर्न वाजत नाही!"

"दुरुस्त करून घेऊ," मागून आवाज आला. "तोवर तुम्ही आहात ना, भावजी."

कारकून खिदळले. बादलीवालाही हसला, आणि त्याला तर भोंगा कोण हेही ठाऊक नव्हतं.

व्हॅन फाटकाशी आली. पहारेकऱ्याने आत डोकावून पाहिलं, मागच्या कोपऱ्यातली पांढरी खोळ आणि तिच्यावर बसलेली बाई त्याला दिसली, आणि त्याने खाडकन सलाम ठोकला. भोंग्याने तो आरशात पाहिला. या वेळी मान हलवायला मागे माणूस होतं, आणि तिने ती हलवली.

"फाटक उघड!" भोंगा खिडकीतून मुंडकं काढून एवढ्या जोराने ओरडला, की रस्त्यापलीकडच्या गाड्याही थांबल्या.