मटणाच्या जाहिरातीला बंदी

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कायद्याचं राज्य आणणारा आंदर मावळातला पहिला माणूस मीच. दुसरा अजून झालेला नाही.

ग्रुपवर नुसता उच्छाद होता! 'डोंगरकुशीत फार्महाऊस प्लॉट', 'टक्कल घालवा'... (हे नेमकं माझ्या वाढदिवसाच्या फोटोखाली!) अशात पेपरात वाचलं, की संमतीशिवाय जाहिराती पाठवायला कायद्यानं बंदी आहे. झालं! ॲडमिन या नात्यानं मी फर्मान काढलं आणि सेटिंग बदलून सगळ्यांचं लिहिणंच बंद केलं. लिहिणार फक्त मी!

तेवढ्यात आमची भातलावणी आली. आमच्याकडे अजून इर्जिक चालते. भावकीनं येऊन खाचर लावून द्यायचं, यजमानानं मटण घालायचं.

"ग्रुपवर टाका इर्जिकीचं," बायको म्हणाली. "रोपं उपटून ठिवलीत. उद्या लागली न्हाईत तर गेली!"

"आणि मटणाचं?"

"त्याबिगर कोन येतंय?"

म्हणजे आमिष! म्हणजे जाहिरातच की! घरचं काम म्हणून कायदा वाकवू? छे! मी लिहिलं, 'आपणांस एक निमंत्रण पाठवायचे आहे. संमती असल्यास इथेच होय लिहावे.'

एकाचंही होय नाही.

सकाळी बांधावर मी, बायको, रोपांच्या जुड्या आणि पातेलंभर मटण. शेजारच्या खाचरातली सोनामावशी समोरून चालली होती.

"मावशी, मेसेज वाचला नाहीस?"

"वाचला की! व्हय लिवा म्हन्लास. पर लिवायचं कुटं? समद्यांची त्वांडं तूच बांधलीस न्हवं!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. (रोपं तेवढ्यानंच वाळली असती.)

"चूक सेटिंगची आहे, कायद्याची नाही!" मी बाणेदारपणे म्हणालो.

"कायदा घाला चुलीत!" पदर खोचून ती बांधाच्या टोकाला गेली आणि ओरडली, "इर्जिकीला या वोऽऽ! मटान हाय!" कुणाचीही संमती न घेता, अख्ख्या वाडीला!

अन् वाडी आली! दिवस मावळायच्या आत खाचर हिरवं झालं. जेवता जेवता नवा ग्रुपही ठरला.

"मला घ्या की," मी म्हणालो.

"संमती लागंल," मटणातली नळी चोखत मावशी म्हणाली. "याला घ्यायचा आसंल त्यांनी हात वर करा."

सगळ्यांचे हात रश्श्यात. मोकळा फक्त वाढणाऱ्या बायकोचा. तिनं तो वर नेला, कपाळाचा घाम पुसला आणि खाली घेतला.

मी अजून ग्रुपबाहेर आहे. पण अगदी कायद्याला धरून!