संध्याकाळी येणारा वास

विट्याच्या क्रांतीचं लग्न गलाईवाल्याशी झालं, म्हणजे निम्मं लग्न फोनशीच झालं, असं तिची नणंद म्हणायची. सयाजीचं सोनं गाळायचं दुकान आसामात, एका लहानशा बाजारगावात. दिवाळीला आणि गावच्या जत्रेला तो यायचा, थोडे दिवस राहायचा आणि पुन्हा गाडीत बसायचा. तो गेला की क्रांती त्याचे सदरे लगेच धुवायला काढत नसे. जुन्या लाकडाचा, धुराचा, जरा कडवट असा वास त्यांना यायचा. भट्टीचाच असणार, असं ती धरून चालली होती.

एका दिवाळीला त्यानं अत्तराची कुपी आणली. दुकानाशेजारचे हाजीसाहेब अगरूच्या लाकडाचं तेल काढत. अत्तरवाले त्याला ऊद म्हणतात. वहिनींसाठी म्हणून त्यांनी त्यात आणखी अर्क मिसळून आपल्या हातानं ते अत्तर जमवून दिलं होतं.

सयाजी परत गेल्यावर, पुतणीच्या बारशाला निघताना, क्रांतीनं कुपीचं बूच मनगटाला टेकवलं. ईडलिंबाची साल नखानं खरवडावी तसा झणका आला. एवढ्या लांबून आणलं ते काय, तर लिंबू. धुऊन टाकायला ती मोरीकडे वळली, पण तेवढ्यात दारात रिक्षा आली आणि ते राहून गेलं.

बारशाच्या घरी पोचेपर्यंत लिंबू उडून गेलं होतं. पंगतीत वाढताना एकीनं विचारलं, मसाला कुटून आलीस काय गं? खरंच, मनगटावर लवंग, दालचिनी, जायफळ दरवळत होतं. दुपारच्या उन्हात, घामात ते आणखी तापलं, मग हळूहळू तेही निवत गेलं. संध्याकाळी घरी येऊन ती कणीक मळायला बसली. कपाळावरची बट मागं सारायला हात वर नेला आणि तशीच थांबली. मनगटाला सयाजीच्या सदऱ्याचा वास होता.

तिनं त्याला फोन लावला.

"आवं, तुमच्या कापडास्नी हाजीसाहेबांच्या दुकानाचा वास येतोय. तुमाला म्हाईत हाय का?"

तो हसला. त्याला कधी जाणवलाच नव्हता. रोज त्यातच बसणाऱ्याला काय कळणार!

पुढं तो गावी नसला की कधीमधी ती सकाळीच अत्तर लावायची. लिंबाची घाई उरकायची, मसाल्याचा दिमाख उतरायचा, आणि दिवेलागणीला मनगटावर तो यायचा. थोडाच वेळ असायचा.

बऱ्याच वर्षांनी, सोनं शुद्ध करायच्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, वाफेनं सयाजीचे डोळे बाधले, तेव्हा ऋषिराजनं, त्यांच्या मुलानं, दुकान हाती घेतलं आणि तो कायमचा घरी आला. आता सगळं मिळालं, असं क्रांतीला वाटलं. पण चार धुण्यांत त्याच्या सदऱ्यांना नुसत्या साबणाचा वास येऊ लागला. माणूस ओट्यावर बसलेला असायचा आणि घरात नसायचा. तिकडचा चहा, तिकडची माणसं सांगता सांगता मध्येच रस्त्याकडं बघत बसायचा. हाजीसाहेब गेल्याचा फोन आला त्या दिवशी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांतीनं कुपीतलं अत्तर त्याच्या मनगटाला लावलं. लिंबाच्या वासाची त्याला काही ओळख पटली नाही. दुपारी तो विसरलाही. दिवस कलला, तसं त्यानं मनगट नाकाशी धरलं ते बराच वेळ खाली घेतलं नाही. त्याचे डोळे भरले होते. त्याच्याजवळ बसून, इतक्या वर्षांत न काढलेला विषय तिनं काढला.

"मला कवा तितं न्हेलं न्हाई तुमी."

"तुला करमलं नसतं."

"हितं कुटं करमत हुतं?"

शेतातला ऊस कारखान्याला गेल्यावर सयाजीनं आसामची दोन तिकिटं काढली.

हाजीसाहेबांच्या दुकानाला कुलूप होतं. गलाईच्या दुकानावरच्या ज्या खोलीत सयाजीनं उमर काढली, तिथं आता ऋषिराज राहत होता. सामान टाकून सयाजी गल्लीतल्या लोकांना भेटायला खाली उतरला. क्रांती लोखंडी खाटेवर बसली आणि तिनं खिडकी ढकलली. समोर सुपारीची झाडं होती, शेवाळलेलं तळं होतं, त्यात कुणाची तरी बदकं पोहत होती. फोनवर तो नुसतं 'बरं हाय' म्हणायचा, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं हे असायचं.

खालून सयाजीनं चहाला हाक मारली. आले, म्हणाली ती, पण उठली नाही.