मोळी सांगितली, मोळे मारले

मातीच्या भिंतीत खिळा मारायचा नसतो. हे मी सासरी आल्यापासून सांगत होते आणि तेव्हापासूनच कुणी ऐकत नव्हतं.

दिवाळी आली की आमच्या घरच्या पुरुषांना हातोडी आठवायची. कंदील टांगायला खिळा, आंब्याच्या पानांच्या तोरणाला दोन्हीकडे खिळे, झेंडूच्या माळेला आणखी. सण संपला की माळा सुकून गळायच्या, खिळे गंजत राहायचे, आणि भोकं बुजवायला मी.

दर्शनी भिंत मीच लिंपत असे. पावसाळाभर तिच्यावर पानांचे झाप बांधलेले असत. ते उतरवले की खालची माती ओल धरून फुगलेली दिसायची. मग तांबडी माती आणायची, भाताचा कोंडा आणि शेण घालून पायांनी मळायची, लिंपायची आणि अर्धी सुकली की गोट्यानं घोटायची. हे काही नुसतं दिसायला नव्हतं. आमच्याकडे जंगल दारात आणि वाळवी त्याच्याही अलीकडे. घोटलेल्या भिंतीवर ती चढली तर दिसते, केरसुणीनं झाडता येते. भोकातून आत शिरली तर थेट वाशांपर्यंत. आदल्या वर्षी गोठ्याचं आढं असंच गेलं होतं. नव्या लाकडाच्या परवानगीसाठी आमचे हे सुप्याच्या जंगल कचेरीत खेटे घालून दमले आणि म्हशी पावसाळाभर पडवीत बांधाव्या लागल्या. घराचं आढं गेलं असतं तर आम्हाला कुठं बांधलं असतं?

म्हणून त्या वर्षी मी भिंतीला हातच लागू नये अशी सोय केली. रानातून चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठ्या तोडून आणल्या आणि त्यांची मोळी पडवीत उभी करून ठेवली. पडवीच्या खांबांना आडवी काठी वेलीनं बांधायची, तोरण तिच्यावर सोडायचं. कंदिलाची काठी अंगणात रोवायची. सण झाला की वेल कापायची, काठ्या चुलीत घालायच्या. भिंतीला ओरखडाही नाही.

धाकटे दीर रामनगरला लाकडाच्या डेपोत कामाला होते. ते कंदील घेऊन त्या दिवशी यायचे होते आणि मला तर भातकापणीला जाणं भाग होतं. जाताना मी सासूबाईंना सांगितलं, "आत्याबाई, भावोजी आले की म्हणावं, टांगायला पडवीतली मोळी घ्या."

सासूबाईंचं माहेर हल्याळकडचं, बोली कानडी. कानडीत खिळ्याला मोळे म्हणतात, आणि आमच्या गावात मराठी बोलणारेही मोळाच म्हणतात. त्यातून त्यांना ऐकू बेताचं येई. मला हे माहीत होतं, पण हातात विळा होता आणि बाया वाटेवर थांबल्या होत्या.

परतताना वाटेवरच ठोकल्याचा आवाज आला. अंगणात शिरले तर दीर शिडीवर, तोंडात खिळे धरून. कंदील लागला होता, तोरण लागलं होतं, आणि दाराच्या वरची माती सुपाएवढी फुगून भिंतीपासून सुटली होती.

"भावोजी, हे काय केलंत?"

त्यांनी तोंडातले खिळे काढले. "तुमीच सांगितलासा न्हवं, वैनी? मोळे घ्या म्हणून."

"मोळी म्हटलं मी. ती बघा, तुमच्या मागं उभी हाय."

त्यांनी वळून पाहिलं. "ती व्हय? मला वाटलं चुलीला आणलीसा."

सासूबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "मोळा काय आन् मोळी काय, टांगायचंच न्हवं? टांगलं की त्यानं. सणाचं तोंड वाजवू नको."

"काढतो की आत्ता," दीर म्हणाले.

"ओढू नका. पाणी मारते, माती भिजू द्या, मग फिरवून काढू."

पण पक्कड हातात आलेला माणूस थांबतो थोडाच. पहिल्याच खिळ्याबरोबर सगळा पोपडा खाली आला, माझ्या पायावर. आतली कच्ची माती उघडी पडली. दीर शिडीवरूनच म्हणाले, "तोरण जरा खाली सोडलं की झाकतंय."

आणि झाकलं. जे टांगताना भिंत फुटली, तेच फुटलेल्या भिंतीवर पांघरूण. पाडव्याला आलेल्या शेजारणी म्हणाल्या, "यंदा तोरण दांडगं झालंय की तुमचं." मी त्यांना फराळ वाढला.

सण झाल्यावर तोरण उतरवून लिंपायला घेतलं तर सासूबाई आडव्या आल्या. "तुळशीचं लगीन व्हायच्या आत तोरण काढत न्हाईत. अपशकुन हाय." दीर डेपोत परत गेले होते. आमचे हे म्हणाले, कापणी उरकू दे, मग बघू. मी रोज सकाळी ती सुकी पानं उचलून खाली बघत होते. एके दिवशी भोकाच्या कडेपासून वर गेलेली मातीची बारीक रेघ दिसली. बोट लावलं तर ओली. वाळवी चढायला लागली होती.

मग मी कुणाला विचारलं नाही. मोळी सोडली, खांबांना आडवी काठी बांधली आणि ते वाळलेलं तोरण जसंच्या तसं उचलून तिच्यावर सोडलं.

"काढलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"काढलं न्हाई. सरकवलं."

मी ती रेघ खरवडली, वर वाशाच्या टोकापर्यंत गेले. टोक बोटानं दबत होतं, पण वरवरच. तासलं, घासलेट चोळलं आणि भिंत लिंपली. घोटायला सबंध सकाळ गेली, आणि कापणीला गेले नाही म्हणून बोलणी बसली ती वेगळीच. नवी माती जुन्या मातीला नीट धरत नाही. त्या जागी दरवर्षी चीर पडायची आणि दरवर्षी मी भरायची.

पुढच्या दिवाळीला दीर आले ते हसतच. "काय वैनी, मोळी घेऊ का मोळे?"

"मोळे घ्या की," मी म्हटलं. "फळीवर डबा हाय."

डबा सापडला. हातोडीसाठी त्यांनी अख्खं घर पालथं घातलं. खंडेनवमीला तिची पूजा झाली, हळद-कुंकू लागलं, आणि दुसऱ्या दिवशी मी ती खानापूरला माझ्या माहेरी पाठवून दिली होती.