दोनदा भागलेली झाडं

उद्यान खात्यात त्यांना सगळे टेपबाई म्हणत. सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच, शहरातल्या झाडांचा घेर मोजायचा. छातीच्या उंचीवर खोडाभोवती टेप धरायची, आकडा लिहायचा, मग खात्री नाही म्हणून पुन्हा मोजायचं. स्वभावच संशयी. सून हसून म्हणायची, "आई आरशात बघून येतात आणि मला विचारतात, केस नीट आहेत ना?"

त्या वर्षी खात्यात नवा संगणक प्रोग्राम आला. झाडाची जात, खोडाची जाडी, फांद्यांचा पसारा भरला की ते झाड किती सावली देतं, किती धूळ धरतं, पावसाचं किती पाणी अडवतं, याचा अंदाज तो काढायचा. महिन्याभरात अहवाल आला. शाळेच्या रस्त्यावरची अकरा झाडं म्हणे फारशा उपयोगाची नाहीत. ती तोडून शहराबाहेर दोनशे रोपं लावली की भरपाई होते. रस्ता रुंद करायचा होताच.

टेपबाईंच्या मनात पाल चुकचुकली. ही झाडं त्यांच्या एकटीच्या कवेत मावत नव्हती. यादीत सातव्या झाडाची जाडी मात्र होती बावीस सेंटीमीटर.

"एवढं तर आमचं जेवायचं ताट असतं!" त्या संगणकावर बसणाऱ्या मुलीवर कडाडल्या. "काय भरलंस तू?"

"मावशी, तुम्ही घेर देता, प्रोग्रामला व्यास लागतो. म्हणून मी घेराला तीन पूर्णांक चौदा शतांशानं भागते. हा बघा, माझ्याकडे आलेला घेर. सत्तर."

"मी दोनशे वीस लिहिला होता. सत्तर हा व्यास झाला. म्हणजे तुझ्या आधीच कुणीतरी भागलंय."

चारशे झाडांच्या तक्त्यात फक्त हीच अकरा झाडं दोनदा भागलेली निघाली. टेपबाईंचा तक्ता मुलीकडे रस्ते विभागाच्या टेबलावरून आला होता, आणि त्या टेबलावर टेपबाईंचे धाकटे दीर बसत.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. "भाऊजी, शाळेच्या रस्त्याचे आकडे तुम्ही बदललेत?"

"बदलले कुठे? व्यास काढून ठेवला. मुलीचं काम हलकं केलं."

"मग फक्त त्याच रस्त्याचं का हलकं केलंत?"

दिरांनी घास तसाच ठेवला. "वहिनी, तुम्हाला माणसात पण कीडच दिसते," म्हणाले आणि उठून गेले. सून पाण्याचा तांब्या उगाच पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी टेपबाईंनी त्या मुलीला बरोबर घेतलं आणि अकरा झाडं नव्यानं मोजली. तिसऱ्या झाडाशी त्या थबकल्या. छातीच्या उंचीवर खोडाला मोठी गाठ होती. इतकी वर्षं त्या गाठीवरूनच टेप फिरवत आल्या होत्या. गाठीखाली मोजलं तर घेर निम्म्यावर आला. वर पाहिलं तर शेंडा वाळलेला.

मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, हे नाही लिहिलं तर?"

टेपबाईंना मोह झाला, हे त्यांनी नंतर सुनेजवळ कबूल केलं. पण दिराला जाब विचारून चोवीस तासही झाले नव्हते. त्यांनी जुना आकडा खोडला, खरा लिहिला, शेजारी सही केली.

नव्या आकड्यांवर प्रोग्राम चालवला. शहराबाहेरच्या त्या दोनशे रोपांना ह्या झाडांएवढी सावली द्यायला तीसेक वर्षं लागतील, असा अंदाज निघाला. साहेबांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिले, कुणी बदललं ते विचारलं नाही. ते न विचारणंही टेपबाईंना खटकलं. दहा झाडं राहिली, रस्ता एका बाजूनं वळवला. तिसरं झाड तोडलं; खोड आतून पोकळ होतं.

दीर पंधरा दिवस घरी जेवले नाहीत. मग एका रविवारी येऊन मुकाट पानावर बसले. टेपबाईंनी वाढलं. आकडे मुद्दाम बदलले की नाही, हे दिरांनी कधी सांगितलं नाही, आणि टेपबाईंनीही पुन्हा विचारलं नाही. मात्र त्या दिवसापासून तक्ता त्या स्वतः हातानं मुलीच्या टेबलावर नेऊन देऊ लागल्या.