सात वाजताचा आवाज

संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी टीव्ही आपोआप बंद झाला आणि शरणबसप्पाअण्णा खूश झाले. ऐन चर्चेत टीव्ही बंद पडला तर कुणीही केबलवाल्याच्या नावानं बोटं मोडील. अण्णांनी मात्र खिशातली वही काढून वेळ लिहून घेतली, कारण टीव्ही त्यांनीच बनवलेल्या पेटीनं बंद केला होता.

पेटी कसली, पेढ्यांचा रिकामा डबा. आत काडेपेटीएवढा एक बोर्ड, शेंगदाण्याएवढा माईक आणि एक रिले. खोलीतला आवाज ठरलेल्या आकड्याच्या वर गेला आणि दहा सेकंद तिथंच राहिला, की रिले टक् करणार आणि टीव्हीची वीज तोडणार. दिवसभराच्या आवाजाचा चढउतार मोबाइलवर रेघेनं दिसायचा, तो वेगळाच. रिलेशी अण्णांची ओळख जुनी, टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून छत्तीस वर्षं काढलेली. बोर्डाचं शास्त्र मात्र ते सदुसष्टाव्या वर्षी व्हिडिओ बघून शिकले. त्या शिक्षणात दोन बोर्ड जळाले, एक टॉवेल जळाला, आणि शिवकांताबाईंनी देवघराच्या शेजारी सोल्डरिंग करायला कायमची बंदी घातली.

माकणीत अण्णांना सगळे ‘वायरवाले अण्णा’ म्हणतात. भूकंपानंतर मिळालेल्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं राज्य. उघडे रेडिओ, मेलेले मोबाइल, तीन मिक्सरच्या मोटारी, आणि भिंतीला एक जुना काळा टेलिफोन, जो त्यांनी दारावरच्या बेलला जोडलाय. माणूस आला की तो टेलिफोन वाजतो आणि नवखा पाहुणा दचकतो. एखादी वस्तू बंद पडली की अण्णांना वाईट वाटत नाही, उलट डोळे चमकतात. आत काय असेल, हा त्यांचा जन्माचा प्रश्न. दुरुस्तीची वही ते नोकरीपासून ठेवतात. कोणती वस्तू, कोणत्या तारखेला, दोष काय निघाला, सगळं त्यात लिहिलेलं.

एका यंत्राचा दोष मात्र त्यांना सापडत नव्हता, ते म्हणजे राजकारण.

अण्णा मताला फार मानणारा माणूस. मतदानाच्या दिवशी पहाटे अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती, आणि केंद्रावर पहिला नंबर. शाई लागलेलं बोट ते दिवसभर जपायचे. अशा माणसानं ज्याला मत दिलं, तो सकाळी एका पक्षात उठला आणि संध्याकाळी दुसऱ्याचं उपरणं घालून टीव्हीवर हसला. पुढं दुसराही तसाच निघाला. पुढं पक्षच फुटला आणि कोण कुणाचा हेच कळेना. आपण मत दिलं कुणाला आणि ते गेलं कुठं, हा प्रश्न अण्णांच्या पोटात जाऊन बसला. तेव्हापासून रोज सात वाजता ते चर्चा लावायचे. दिवसभर वायरींशी गोडीनं वागणारा हा माणूस सातला वेगळाच व्हायचा, आणि साडेआठला भाकरी खायला बसताना पुन्हा मूळचा.

आता त्या लोखंडी खुर्चीबद्दल. टीव्हीच्या उजव्या अंगाला एक खुर्ची आहे, ती बिरदेवबापूंची. बापू धनगर, मेंढरं राखण्यात उभा जन्म गेलेला. चाळीस वर्षांमागं माळावर तार तुटून पडली होती, ते सांगायला बापू तीन मैल चालत आले. तिथून जी दोस्ती जमली ती जमली. मेंढरं कोंडून झाली की बापू रोज सातला यायचे, पेलाभर चहा घ्यायचे, अण्णांच्या तोंडाकडं बघत मान डोलवायचे. बापूंसारखा ऐकणारा माणूस तालुक्यात नाही, असं अण्णा अभिमानानं सांगायचे.

खरं तर बापूंना पुष्कळ वर्षांपासून कमी ऐकू येत होतं. मागच्या वर्षी ते फारच कमी झालं, तेव्हा अण्णांनी मित्रासाठी एक यंत्र बनवलं. खिशात मावेल अशी डबी, तिला माईक, आणि एक बारीक वायर कानात. आपल्या हातानं त्यांनी ती बापूंच्या कानात घातली आणि अंगणाच्या पलीकडं जाऊन हळूच विचारलं, ‘‘चहात साखर घालू का?’’ बापूंनी तिकडून सांगितलं, ‘‘घाल की.’’ त्या दिवशी अण्णांना जो आनंद झाला तो पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

आणि तेच बापू सात महिन्यांपासून येत नव्हते. भांडण नाही, तंटा नाही. रस्त्यात दिसले की हात वर करायचे आणि मेंढरांमागं निघून जायचे. गावानं कारण शोधून दिलं. बापूंचा पुतण्या बालाजी दुसऱ्या गटात गेला, मग चुलता कसा येईल इकडं? अण्णांना ते पटलं. पुढाऱ्यांनी पक्ष फोडले ते फोडले, माझा मित्रही फोडला, असं म्हणून त्यांचा सातचा पारा आणखी चढू लागला. रिकाम्या खुर्चीकडं बघितलं की ते आवाज वाढवायचे.

शेवटी एकदा शिवकांताबाई म्हणाल्या, ‘‘अवो, सातला ह्या घरात कुणाला बसवतंय का? भावजी कशाला येत्याल?’’

अण्णांनी विचार केला. खरंच, टीव्हीवरची माणसं केवढ्यानं ओरडतात. बापूंच्या कानात आता यंत्र, त्यांना तो कालवा सोसत नसेल. कदाचित पुतण्याचा काही संबंधच नसेल. हा दोष असेल तर तो दुरुस्त होण्यासारखा होता. म्हणून ही पेटी. टीव्ही आरडाओरडा करील तेव्हा पेटी त्याचं तोंड बंद करील, घरात शांतता होईल आणि बापू येतील.

पंधरा दिवसांत पेटीनं एकोणीस वेळा टक् केलं. अण्णा बघा बघा म्हणून शिवकांताबाईंना वही दाखवायचे, पुराव्यानिशी सिद्ध झालं म्हणायचे. त्या पदराआड हसायच्या आणि ज्वारी निवडायच्या.

मग वाशीला भाचीच्या घराची वास्तुशांत निघाली. बाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून अण्णा एकटेच दोन दिवस गेले. जाताना बजावून गेले की प्रयोगात खंड नको, सातला चर्चा लावायची, आवाज नेहमीएवढाच ठेवायचा. बाईंनी इमानानं दोन्ही दिवस चर्चा लावली आणि समोर बसून लसूण सोलला.

अण्णा परत आले, चप्पल काढायच्या आधी मोबाइल काढला. रेघ बघितली आणि बुचकळ्यात पडले. दोन्ही संध्याकाळी पेटीनं एकदाही टक् केलं नव्हतं. सातला रेघ थोडी वर गेली होती, पण आकड्याच्या जवळपासही नव्हती. म्हणजे माईक बिघडला. त्यांनी डबा उघडला, टाके तपासले, माईक बदलला, टाळी वाजवून बघितली. सगळं ठणठणीत. संध्याकाळी टीव्हीपुढं बसले, आणि सात वाजून नऊ मिनिटांनी टक्.

दुसरा कुणी असता तर पेटी माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. पण दोष सापडेपर्यंत अण्णांना भाकरी गोड लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा लाइनमनचा धर्म. काय बदललं होतं? चॅनल तेच, आवाज तोच, खोली तीच. वाशीला गेला होता तो एकच माणूस. हा विचार मनात आला तसा त्यांनी झटकला, पण तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाताखाली लवंग धरली आणि तासभर ओठ मिटून चर्चा बघितली. घाम फुटला, गुडघा हलत राहिला, पण टीव्ही शेवटपर्यंत चालू राहिला. तिसऱ्या दिवशी उलट केलं. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद, नुसतं चित्र, आणि तोंडात लवंग नाही. मुकी माणसं मुके हातवारे करत होती. खालच्या पट्टीत बातमी सरकली, कुणीतरी पुन्हा कुणाकडं गेला होता. अण्णा ती वाचत होते आणि एवढ्यात टक्. मुका टीव्ही जास्त आवाज केला म्हणून बंद पडला होता.

अण्णा खुर्चीतच बसून राहिले. स्वयंपाकघरातून शिवकांताबाई म्हणाल्या, ‘‘सापडला का दोष?’’

‘‘तुला ठावं होतं?’’

‘‘पैल्या दिवसापासनं. पर तुमाला माझं कुठं पटतंय? डब्याचं पटंल म्हटलं.’’ आणि त्यांनी माहेरच्या कानडीत एकच शब्द जोडला, ‘‘साकु.’’ पुरे, एवढाच त्याचा अर्थ. चाळीस वर्षांच्या संसारात तो शब्द अण्णांनी मोजून चारदा ऐकला होता.

त्यांनी दुरुस्तीची जुनी वही काढली. बापूंचं कानाचं यंत्र दिल्याची तारीख सापडली. त्यानंतर बापू किती दिवस आले? बोटांवर मोजलं. जेमतेम नऊ. बालाजी गट बदलून गेला तो त्यानंतर दोन महिन्यांनी. मित्र दुसऱ्या कुणी तोडला नव्हता. आधी त्याला कान दिले, मग त्या कानांत काय ओतलं?

सकाळी पूजा उरकली आणि अण्णा धरणाकडं निघाले. पाणी मागं हटलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर हिरवळ आली होती. बापूंची तीसेक मेंढरं तिथं चरत होती. बापू काठीवर हनुवटी टेकून उभे होते, कानात वायर होती.

अण्णांनी आडपडदा ठेवला नाही. आवाजाची पेटी, वाशी, लवंग, सगळं सांगितलं आणि विचारलं, ‘‘माझ्या वरडण्यामुळं येत न्हाईस व्हय?’’

बापू मेंढरांकडं बघत म्हणाले, ‘‘बसप्पा, तीस वर्सं तू काय बोलतूस ते मला अर्धंमुर्धं कळायचं. म्या तुझं त्वांड बघायचो. वाटायचं, केवढा मायेचा माणूस, जगाची काळजी करतूय. तू मशीन दिलंस आन् कळलं, तू शिव्या देत हुतास.’’

अण्णांना हसावं की रडावं कळेना. बापू पुढं म्हणाले, ‘‘पुढाऱ्याला दिल्या तर दे, माझं काय जातंय. पर तू रोज म्हणायचास, ही सगळी जनता म्हंजी मेंढरं, हाकलंल तिकडं जात्यात, यास्नी अक्कल न्हाय. समोर म्या बसलेलो. माझा जन्म गेला मेंढरांत.’’

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं अण्णा रोज पुढाऱ्यांबद्दल म्हणायचे. आता ते स्वतःच मान खाली घालून उभे होते. ‘‘तुला म्हणत नव्हतो रे,’’ एवढंच ते बोलले, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की पेटीच्या माईकलाही तो लागला नसता. बापूंना मात्र नीट ऐकू आला, यंत्र चांगलं होतं.

‘‘मग मशीन काढून का ठिवलं न्हाईस?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘कसं काढू? नात बोलतीया ते ऐकू येतंय. पाखरं ऐकू येत्यात. तुज्या एकट्यापायी काढू का?’’ बापूंनी काठीनं एक मेंढी वळवली. ‘‘आन् एक ध्यानात ठिव. मेंढरू दिसभर कुठंबी चरू दे, सांजंला आपल्याच वाड्यात येतंय. ते पक्ष बदलत न्हाय.’’

चहाला ये, एवढं म्हणून अण्णा परतले. बापू व्हय म्हणाले नाहीत, न्हाय म्हणाले नाहीत.

संध्याकाळी अण्णांनी लोखंडी खुर्ची पुसली. शिवकांताबाईंनी न विचारता तीन पेले काढले. पावणेसात झाले, सात वाजले, आणि भिंतीवरचा काळा टेलिफोन वाजला. बापू आत आले, आपल्या जागेवर बसले, आणि बसल्याबरोबर कानातली वायर काढून खिशात ठेवली. मैत्रीसाठी त्यांनी बहिरं व्हायची तयारी केली होती. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘‘कानात घाल,’’ ते म्हणाले. बापूंना ऐकू आलं नाही. अण्णांनी उठून बापूंच्या खिशातली वायर काढली आणि पहिल्या वेळेसारखीच आपल्या हातानं त्यांच्या कानात घातली. मग स्वतःच्या दाताखाली लवंग धरली आणि टीव्ही लावला.

चर्चा सुरू झाली. राग गेला नव्हता, तो कुठं जातो? अण्णांच्या मानेची शीर ताठ होत होती, पण लवंग जागची हलली नाही. बापू पुढं वाकून ऐकत होते. आजवर त्यांनी चर्चा नुसती बघितली होती, किंवा अण्णांच्या आवाजाखालून अर्धी ऐकली होती. आज प्रथमच एकेक शब्द स्वच्छ कानात येत होता. पडद्यावर एक पुढारी हात जोडून सांगत होता की त्यानं पक्ष सोडला तो केवळ जनतेच्या इच्छेखातर.

बापूंनी अण्णांकडं बघितलं. ‘‘हा त्योच न्हाय का? यात्रेला येऊन बिरोबाच्या पायरीवर शपथ घेतलेला?’’

अण्णांनी लवंग सांभाळत मान डोलावली.

बापू खुर्चीतून उठले. उभ्या जन्मात माळावर एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीला हाका घातलेल्या छातीतून त्यांनी त्या पुढाऱ्याला, त्याच्या पक्षाला आणि जुन्या पक्षाला असं काही सुनावलं की शिवकांताबाई पोळपाट सोडून दारात आल्या. मेंढरांचं नाव मात्र त्यात कुठंही नव्हतं. दहा सेकंद भरले, आणि टक्.

पडदा काळा झाला. बापू हात वर धरून तसेच थांबले. ‘‘लाइट गेली काय रं?’’

अण्णांनी तोंडातली लवंग काढली, खिशातली वही उघडली, आणि हसू दाबत लिहिलं, सात वाजून एकोणीस मिनिटं, बिरदेवबापू.