डिशचाचांपुढे तुलना चालत नसे

डिशचाचांसमोर एखाद्या मालिकेला नावं ठेवायची सोय नव्हती. दर्यापुरात आमच्या गल्लीतली केबल त्यांची. स्वभाव तापट आणि वेड विज्ञानमालिकांचं. हिंदीत बोलणारे परग्रहवासी दिसले की हा साठीचा माणूस जेवण विसरायचा. चाची बिचारी ताटावर ताट झाकून ठेवायची.

त्या वर्षांत कापसाचा भाव आणि वीज, दोन्हींचा भरवसा नव्हता. मंगळावरच्या वस्तीची मालिका संध्याकाळी लागायची, नेमकी लोडशेडिंगच्या वेळी. नवनव्या शोधांची दुसरी मालिका लाईट आल्यावर. मंगळाची अगदीच रटाळ आहे, असं मी एकदा ठणकावून सांगितलं आणि चाचा भडकले.

"अवं बेटा, तिचे तू अर्धेच भाग पाह्यले! अन् ती सालभर एकच गोष्ट सांगून राहिली, ही दर हप्त्याले नवीन सांगते. दोघींले एका तराजूत कावून टाकतं?"

मग बॅटरी लावून टेपवर उतरवून घेतलेले सगळे भाग त्यांनी मला दाखवले. मंगळाची मालिका सुरेखच होती. तरी मला शोधांचीच आवडली, हे मी सांगितलं तेव्हा ते चक्क हसले. "आता बोल्ली तं चालते."

पुढे माझा बारावीचा निकाल लागला. दादा अमरावतीत राहून, शिकवणी लावून पहिल्या वर्गात आला होता. मी घरी कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून जेमतेम दुसऱ्या वर्गात. बाबांनी जाहीर केलं, "पोराची अक्कल हिच्यात नाई. शिक्षण बस झालं. आता स्थळ पाहू." त्या साली पिकानं दगा दिला होता, हेही खरंच. मी रडून डोळे सुजवले.

चाचा आमच्याकडे वायर जोडायला आले होते. ते शिडीवरूनच म्हणाले, "भाऊ, पोराले अमरावतीची लाईट देली, पोरीले अंधार देला. अन् निकाल एकाच मापानं पाहून राहिले? तिले बी अमरावतीले ठेवा, मंग बोला."

"तुमी तुमची केबल पाहा!" बाबा कडाडले. त्यांनी कनेक्शनही तोडायला लावलं. चाचांशी बोलणं बंद केलं. पण कॉलेजं उघडली तेव्हा मला अमरावतीच्या वसतिगृहात नेऊन सोडलं, तेही बाबांनीच.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत वसतिगृहावर बाबांचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"चाचा गेले. आत्ताच माती देऊन आलो. मीनं खांदा देला."

मला हुंदका आवरेना. मी लगेच निघते, म्हटलं.

"येऊ नको," बाबा म्हणाले. "भांडून पाठोलं त्यायनं तुले. पेपर दे."