बैल की वांगी

आमच्या घरी दुपारी बैल झोपला की सगळ्यांनी हळू बोलायचं असतं. माणसं झोपली असतील तर भांडी आपटा, दारं आपटा, कुणाचं काही म्हणणं नाही. हा नियम माझ्या सासऱ्यांनी घातलेला. त्यांना आम्ही आबा म्हणतो, सगळं गावच म्हणतं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की नव्या सुनेची गंमत चाललीय. कसली गंमत! पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून कळशी पडली, तर आबा ओट्यावरून तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे असे बघायला लागले की मीच घाबरून गप्प बसले.

हा बैल म्हणजे साधासुधा नव्हे, घाटातला. बाहेरच्या माणसांसाठी सांगते, आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात. चैत्र लागला की गावोगावच्या यात्रा सुरू होतात, यात्रा म्हटली की घाट आलाच, आणि घाट म्हटला की भोंगा आला. पुढून घोडी सुटते, मागून बैल सुटतात आणि पुकारणारा भोंग्यात जीव खाऊन ओरडतो, "भिर्रर्र... झाली, झाली, झाली!" बैल टोकाला पोचले की त्यांच्या अंगावर भंडारा उधळतात. आमचा बैल तरुणपणी पुढच्या जोडीत पळायचा. पुढं वय झालं आणि आबांनी त्याचं पळणं थांबवलं. बैलाला मात्र हे कुणी कळवलं नाही.

आम्ही राहतो ते गाव खोडदच्या जवळ. माझ्या बागेतून दुर्बिणीच्या त्या मोठाल्या तबकड्या दिसतात. आकाशातलं लई बारीक ऐकू येतं म्हणे त्यांना. येत असेल. पण तीन गावं पलीकडच्या घाटातला भोंगा वाऱ्यावर आला की आमच्या बैलाचा कान आधी हलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता माझ्या बागेबद्दल. मी जुन्नरच्या पेठेत वाढलेली. माहेरी आमची शेती म्हणजे खिडकीतली तुळस आणि डब्यातला एक गुलाब, तोही कधी फुलला नाही. सासरी आले तर शेतात कांदा आणि टोमॅटो, आणि त्यात मला कुणी विचारत नसे. शेवटी भांडून भांडून घरामागचा एक तुकडा मिळवला. वांगी लावली, गवार, मिरची, दोडक्याचा मांडव, आणि कडेला मोगरा. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मे महिना सगळा माझा. सकाळी चप्पल काढून वाफ्यात उतरायचं आणि पाणी सोडायचं. तापलेली माती पाणी पिताना चुरचुर आवाज करते, कोंबड्या मागं मागं येत किडे टिपतात, मांजर दोडक्याखालच्या सावलीत पोट वर करून पडलेलं असतं. देठाला काटा असलेलं कोवळं वांगं पहिल्यांदा तोडताना जो आनंद होतो, तो मला दहावीच्या निकालाला पण झाला नव्हता. लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात. मी वांग्यात जाते.

यंदाच्या यात्रेत या वांग्यांचं वाटोळं झालं. एरवी यात्रेच्या दिवशी आबा सकाळपासून बैलाजवळ बसून राहतात. हातात दावं धरतात, मानेवरून हात फिरवतात, भोंगा वाजला की त्याच्या कानाशी सांगतात, "आपली बारी न्हाई रं, आपली न्हाई." बारी म्हणजे घाटातली एक धाव. बैल ऐकतोही. पण यंदा पावण्यांनी आग्रह करकरून आबांना पंगतीत नेऊन बसवलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि कालव्यापलीकडून आवाज आला, "भिर्रर्र!"

पुढचं मी मोरीच्या खिडकीतून पाहिलं. बैलानं खुंटा मुळासकट उपटला. कुरडयांची बाज उडाली. दोडक्याचा मांडव शिंगांवर घेऊन तो वांग्यांच्या मधोमध गेला, सरळ रेषेत, शिस्तीत, आणि बांधाशी जाऊन थांबला. मान वर करून धापा टाकत उभा राहिला. गळ्यात दोडक्याचा वेल. आजूबाजूला बघायला लागला, भंडारा कुठाय म्हणून.

माझी मेली वांगी कुणी बघेना! सगळी पंगत उष्ट्या हातांनी उठली, शिट्ट्या काय, आरोळ्या काय. एका पावण्यानं माझ्या स्वयंपाकघरात घुसून हळदीचा डबा आणला आणि सगळा बैलावर ओतला. नवी हळद होती हो, या वर्षाची!

पावणे गेल्यावर मी पदर खोचला. "आबा, आता एकच काय ते ठेवा. हा बैल, नाहीतर माझी बाग."

"बाई," आबा म्हणाले. मी शाळेतली बाई, म्हणून तेही मला बाईच म्हणतात. "बाई, वांगी परत लावता येत्यात."

"येतात ना. पण लावायची मी, आणि तुडवायची यानं!"

आबांनी वाफ्यातलं एक तुडवलेलं वांगं उचलून ओट्यावर ठेवलं. मग म्हणाले, "परत आसं झालं तर मीच देऊन टाकीन त्याला. शबूद हाय माजा." आबांचा शब्द म्हणजे शब्द. आमच्यात तो पाळायचा की नाही यावर चर्चा होत नाही.

मी पुन्हा रोपं आणून लावली. आबांनी स्वतः बागेला काट्यांचं कुंपण केलं, खुंटा हातभर खोल ठोकला. उभी राहिलेली झाडं वाढली, मिरचीला चांदण्यांसारखी फुलं आली, आणि मला वाटलं, मिटलं सगळं.

पण आमच्या ह्यांना कुठं राहवतंय! मेच्या एका दुपारी हे ओट्यावर आडवे झाले होते आणि मोबाईलवर कुठल्याशा गावच्या घाटाचं लाइव्ह बघत होते. कानात वायर घातलेली. बैल झोपलेला, आबा झोपलेले, मीसुद्धा डोळे मिटून पडलेली. मांजराला त्या लोंबत्या वायरशी खेळावंसं वाटलं. त्यानं झडप घातली, वायर निघाली, आणि मोबाईल सगळ्या घराला ऐकू जाईल असा ओरडला, "भिर्रर्र... झाली!"

या वेळी मिरच्या गेल्या. कुंपण तर त्याला दिसलंसुद्धा नाही.

"अगं, मी आवाज बंदच ठेवला होता," हे म्हणाले. मी पडलेल्या सगळ्या हिरव्या मिरच्या वेचल्या, खरडल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस ह्यांना दोन्ही वेळेला भाकरी आणि ठेचा वाढला. डोळ्यांतून पाणी यायचं, पण बिचारे निमूट खायचे.

आबांना मात्र आपला शब्द आठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आहुप्याला फोन लावला.

आहुप्याचे एक पावणे आहेत, आबांचे तरुणपणापासूनचे दोस्त. डोंगरातला माणूस. दर मे महिन्यात एसटीनं येतात, येताना पानांच्या द्रोणात करवंदं आणि पिशवीत घरचा तांदूळ आणतात, जाताना आमचे कांदे नेतात. त्यांचा एक बैल नुकताच गेला होता आणि पाऊस पडला की भाताच्या खाचरात चिखल करायला जोडी हवी होती. आबांनी त्यांना सांगितलं, बैल घेऊन जा. विकायचा नव्हता, द्यायचा होता. आहुप्याला शर्यतीचा घाट नाही, भोंगा नाही, तिथं तो शांत राहील असा आबांचा हिशेब होता.

या खेपेला पावणे टेम्पो घेऊन आले. चहा पिऊन झाल्यावर बैलाभोवती एक चक्कर मारली, पाठीवर थाप दिली. "उधळत न्हाई ना? आमची खाचरं उतारावरची हायेत. बैल उधळला तर बैल बी दरीत आन् मानूस बी."

"भोंगा न्हाई ना तिकडं," आबा म्हणाले. "मग गाय हाय ही गाय."

आणि खरंच, बैल इतका गरिबासारखा उभा होता की मलाच राग आला. वर्षभर असा उभा राहिला असतास तर काय झालं असतं, मेल्या?

आबांनी सकाळीच त्याला धुतलं होतं. शिंगांना तेल लावलं होतं. घाटातली घुंगरमाळ एकदा गळ्यात घातली आणि थोड्या वेळानं काढून घेतली. आता दावं हातात घेऊन ते पावण्यांना समजावत होते, पोरगी सासरी पाठवताना सांगतात तसं. "कडबा बारीक करून घाला, दात गेल्यात दोन. संध्याकाळी लवकर आत घ्या, बिबट्याचं काय खरं न्हाई. आन् दुपारचा झोपतो थोडा. त्या येळी तेवडी भांडी आपटू नका."

पावणे खो खो हसले. "भांडी? आवो आबा, आमच्याकडं पावसाळ्यात पाऊसच पत्र्यावर रातंदिस भांडी आपटतोय! आमाला एकमेकांचं बोलनं ऐकू येत न्हाई, तुमच्या बैलाला कुटली झोप!"

आबाही हसले. म्हणजे तोंड हसलं. मग ते आत गेले आणि स्वतःची घोंगडी घेऊन आले, ती रोज अंगावर घेतात तीच. घडी करून पावण्यांच्या पिशवीवर ठेवली. "ह्याला पावसाची सवय न्हाई," म्हणाले. बैलानं मान वळवून त्यांचं कोपर चाटलं. आबांनी कोपर काढलं नाही आणि बैलाकडे बघितलंही नाही. दावं पावण्यांच्या हातात दिलं.

मी वांग्यांची टोपली घेऊन बागेच्या तोंडाशी उभी होते. तिसऱ्यांदा उभी केलेली बाग. गवार लगडलेली, वांग्यांना जांभळी चकाकी, मोगरा फुललेला. जिंकले होते मी. जे मागितलं ते मिळालं होतं, आबांनी शब्द पाळला होता, आणि मला रडू फुटायला लागलं होतं. बैलासाठी नव्हे हं, त्या बैलावर माझा अजिबात जीव नव्हता. त्या म्हाताऱ्या माणसासाठी. घोंगडीशिवाय झोप येत नाही त्यांना.

काय करावं? थांबा म्हणावं, तर आबांनी शब्द दिलेला, ते ऐकणार नाहीत. पावण्यांना नेऊ नका म्हणावं, तर कुठल्या तोंडानं म्हणू, तक्रार माझीच होती. पावणे बैलाला घेऊन फाटकाकडे वळले. आणि मग माझ्याच्यानं राहवेना. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज बिनमाइकचा पोचतो. मी टोपली छातीशी धरली, डोळे मिटले आणि सगळा जीव एकवटून ओरडले.

"भिर्रर्र... झाली, झाली, झाली!"

पावण्यांच्या हातातून दावं केव्हा गेलं ते त्यांना कळलं नाही. ते मोगऱ्यात बसले. कोंबड्या घराच्या कौलावर. बैल माझ्या अंगाला वारा लावून शेजारून गेला, गवारीतून, वांग्यांतून, दोडक्याचा मांडव पुन्हा शिंगांवर, आणि थेट बांधाशी जाऊन थांबला. मान वर.

हे बाहेर धावत आले. "मी नाही! मोबाईल आत चार्जिंगला आहे!"

पावणे उठले, धोतर झटकलं, डोक्यातली मोगऱ्याची पानं काढली. "आबा, ह्यो बैल न्यायचा म्हंजी आमाला आहुप्याला घाट बांधावा लागंल," म्हणाले. "माजं खाचर उतारावर हाय राव. र्‍हाऊ द्या तुमच्याकडंच." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, आवाज मातुर लई खनखनीत हाय तुजा." त्यांना पुढं माझ्या नणंदेकडचा एक शांत बैल मिळाला, घोंगडीशिवाय. असा आबांचा शब्दही राहिला आणि बैलही.

आबा आत गेले. मला वाटलं, रागावले. सुनेनं असं भर अंगणात ओरडायचं, तेही पावण्यांसमोर! ते देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेऊन बाहेर आले. मोडलेली वांगी चुकवत बांधापर्यंत चालत गेले आणि मूठभर भंडारा बैलाच्या कपाळावर चोळला. बैलानं मान हलवली, म्हणजे आता समाधान झालं. मग आबा परत आले, माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, टोपली खाली ठेवा."

ठेवली. त्यांनी चिमूटभर भंडारा माझ्या कपाळाला लावला. "पयल्या नंबरात आली बारी," एवढंच म्हणाले, आणि विळा घेऊन दोडक्याचा मांडव सोडवायला गेले.

दुपारी मोडक्या झाडांवरच्या वांग्यांचं भरीत केलं. पावण्यांनी, आबांनी, ह्यांनी, सगळ्यांनी दोन-दोनदा मागून घेतलं. जेवणं झाली, बैल झाडाखाली आडवा झाला, आबा घोंगडी उशाला घेऊन ओट्यावर पडले. पावण्यांनी हात धुवून तांब्या खण्णकन खाली ठेवला.

"अहो पावणं, हळू," मी म्हटलं. "बैल झोपलाय."